चॅनेलचं नाव बदललं अन् मॉडेल अडलं: गंगाखेडच्या मुलीला उत्तर

गंगाखेडच्या एका मुलीचं पत्र आलंय. नांदेडला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, होस्टेलवर राहते. सी मध्ये ती एक छोटं इम्युलेटर लिहितेय, शेतातल्या ओलावा मोजणाऱ्या बोर्डाचं, म्हणजे खरं बोर्ड हातात नसलं तरी त्याचा प्रोग्राम लॅपटॉपवर चालवून बघता यावा. बोर्डाला चार चॅनेल आहेत, जमिनीत 15, 30, 45 आणि 60 सेंटिमीटर खोलीवर. चॅनेलची संख्या ही एक प्रॉपर्टी, म्हणजे नाव देऊन भरायची सेटिंग, अन् प्रत्येक चॅनेलची खोली ही वेगळी प्रॉपर्टी, असं तिने केलंय. चॅनेलचं नाव मॉइश्चर होतं तोवर सगळं चाललं, ते बदलून सॉइल केलं अन् "अशी प्रॉपर्टी नाही" म्हणून मॉडेल बंद. ह्यात दोन महिने गेलेत. मैत्रिणी जावाचा क्लास लावून मोकळ्या झाल्या, आणि घरी गेलं की पप्पा विचारतात, "दिवसभर ते गेमचं काय करूलालीस?" तिचा प्रश्न, सर हे सोडून देऊ का?

बेटा, सोडू नको. आणि हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाहीये, तू जिथं अडलीस ती जागा खरंच अडण्यासारखी आहे म्हणून लिहितोय.

आधी तुझी अडचण बघू. तू लिहिलंस की सगळी सेटिंग आधी एका हॅश टेबलमध्ये, म्हणजे नावावरून नोंद शोधायच्या तक्त्यात, गोळा करतेस आणि मग टेबलवर फिरून एकेक प्रॉपर्टी सेट करतेस. तिथंच गडबड आहे. तू फाइलमध्ये कुठल्या क्रमाने लिहिलंस हे हॅश टेबल लक्षात ठेवत नाही, कुठली नोंद कुठल्या खान्यात जाणार ते नावाच्या अक्षरांवरून ठरतं. आणि तुझ्या मॉडेलमध्ये सॉइल[0], सॉइल[1] ह्या प्रॉपर्ट्या मुळात जन्मालाच येतात त्या लांबी, म्हणजे चॅनेलची संख्या, सेट झाल्यावर. मॉइश्चर नाव होतं तेव्हा लांबीची नोंद योगायोगाने आधी हाती येत होती, सॉइल केल्यावर ती मागे गेली अन् ज्या प्रॉपर्टीचा अजून पत्ता नाही तिच्यात 15 टाकायला तुझा कोड गेला. पंगतीत पत्रावळी मांडायच्या आधीच वाढप्याने भाताचं पातेलं आणावं तसं झालं. तुझं लॉजिक प्रत्येक ओळीला बरोबर आहे म्हणूनच दोन महिने चूक सापडली नाही, चूक ओळीत नाहीच, ती दोन ओळींच्या मधे आहे.

आता तुझ्या पप्पांनाही वाचून दाखव असा भाग सांगतो. क्यूएमू नावाचं इम्युलेटर आहे, फाब्रिस बेलार्ड ह्यांनी 2003 मध्ये सुरू केलेलं, तू त्याचं नाव पत्रात घेतलंच आहेस. त्याच्या ऑब्जेक्ट मॉडेलमध्ये, म्हणजे आतली डिव्हाइस अन् त्यांच्या प्रॉपर्ट्या ठेवायच्या रचनेत, अ‍ॅरे प्रॉपर्टी, म्हणजे एकाच जातीच्या घटकांची यादी ठेवणारी, बरीच वर्षं अगदी तुझ्यासारखीच होती. आधी लांबीची प्रॉपर्टी, नावाच्या आधी "लेन" लावलेली, ती सेट झाली की मग नंबरवाल्या प्रॉपर्ट्या तयार व्हायच्या. कमांड लाइनवर माणूस ह्याच क्रमाने लिहायचा म्हणून चालून जायचं. 2021 मध्ये डिव्हाइस तयार करायची आतली पद्धत बदलली, ऑप्शनच्या क्रमवार यादीऐवजी डिक्शनरी आली, म्हणजे तुझ्यासारखंच हॅश टेबल, आणि डिक्शनरीला क्रम नसतो. झालं, नंबरवाली प्रॉपर्टी लांबीच्या आधी सेट व्हायला लागली अन् एरर. रॉकर म्हणून एक आभासी नेटवर्क स्विच आहे, त्याचे पोर्ट बाहेरून देणं ह्यामुळे बंद पडलं. दुरुस्ती आली 2023 मध्ये. म्हणजे जगभरातले अनुभवी लोक ज्या कोडवर काम करतात तिथं ही चूक दोनेक वर्षं राहिली, आणि तू होस्टेलच्या खोलीत बसून तीच चूक स्वतःच्या कोडमध्ये गाठलीस.

दुरुस्ती कशी केली ते नीट बघ, कारण तुलाही तेच करायचंय. लांबी आधी सेट करा अशी सक्ती त्यांनी घातली नाही. लांबी ही वेगळी प्रॉपर्टीच काढून टाकली. आता रॉकरला पोर्ट ही एकच प्रॉपर्टी, आणि तिला अख्खी यादी एकदम द्यायची, कमांड लाइनवर जेसन ह्या मजकुरी फॉरमॅटमध्ये लिहायची. यादी आली की लांबी यादीतूनच मोजली जाते, तेवढी मेमरी घेतली जाते आणि एकेक घटक आपापल्या टाइपच्या सेटरमधून, म्हणजे किंमत तपासून भरणाऱ्या फंक्शनमधून, भरला जातो. आधी काय अन् नंतर काय हा प्रश्नच उरत नाही. आत स्ट्रक्चरमध्ये मात्र पूर्वीसारखीच दोन फील्ड राहतात, एक संख्या अन् एक पॉइंटर, म्हणजे यादी मेमरीत कुठं आहे तो पत्ता. तुझं बाकी मॉडेल त्या दोन फील्डवरच चालतंय ना, मग त्याला हातही लावावा लागणार नाही.

हे करताना दोन ठिकाणी जपून. चारपैकी तिसरा घटक चुकीचा निघाला, म्हणजे 45 च्या जागी कुणी अक्षरं टाइप केली, तर आधीच्या दोघांनी घेतलेली मेमरी कोण सोडणार? आकड्यांच्या अ‍ॅरेत हे जाणवत नाही पण स्ट्रिंगचा अ‍ॅरे केलास की लगेच गळती लागते. आणि तीच प्रॉपर्टी दुसऱ्यांदा सेट केली तर? क्यूएमू सरळ नाही म्हणतं. तूही नाहीच म्हण, जुना अ‍ॅरे गुपचूप टाकून नवा घेणं सोपं वाटतं पण त्या जुन्या पॉइंटरला कोण धरून बसलंय हे आपल्याला माहीत नसतं.

पत्राच्या शेवटी तू विचारलंस की मग नंबरवाल्या प्रॉपर्ट्या सगळ्याच काढू का. नाही. हा प्रश्न मला फार आवडला. खोलीचे चार आकडे म्हणजे एकाच गोष्टीची चार मापं, ती यादीत जावीत. पण बोर्डाच्या पिना वेगळ्या, प्रत्येक पिन वेगळ्याच डिव्हाइसला जोडलेली असते, एकीला हात लावला म्हणून बाकीच्यांना धक्का लागायला नको. म्हणून क्यूएमूत आजही पिनांना नंबरवाली नावं आहेत, नावाच्या शेवटी कंसात चांदणी लिहिली की मोकळा नंबर आपोआप मिळतो. फक्त हा मोकळा नंबर शोधायला दर वेळी शून्यापासून सुरुवात करू नको. 1000 पिना जोडायच्या असतील तर ह्या पद्धतीने 4,99,500 वेळा "हा नंबर भरलाय" हेच उत्तर ऐकावं लागतं. एक काउंटर ठेवला की संपलं.

मी स्वतः नोकरीच्या सुरुवातीला एका कंपनीत मीटरच्या रीडिंगवर काम करायचो. तिथं रीडिंग किती येणार हा आकडा एका पॅकेटमध्ये अन् रीडिंग दुसऱ्यात यायची. ऑफिसच्या टेबलवर कायम नीट चालायचं, साइटवर कधीतरी क्रम उलटायचा. कारण सापडायला मला तीन आठवडे लागले होते आणि त्या तीन आठवड्यांत मी जे शिकलो त्यावर पुढची सहा वर्षं काम केलं. त्यामुळे तुझे दोन महिने मला वाया गेलेले वाटत नाहीत.

आता पोटापाण्याचं. पप्पांची काळजी खोटी नाही, सोयाबीनच्या पैशातून होस्टेल भरणाऱ्या माणसाला पोरगी कशाला लागणार हे कळायलाच पाहिजे. त्यांना सांग की हा गेम नाही. अँड्रॉइडचे अ‍ॅप बनवणारे ज्या नकली फोनवर अ‍ॅप तपासतात तो ह्याच क्यूएमूवर उभा आहे, एका सर्व्हरवर अनेक आभासी कॉम्प्युटर चालवणाऱ्या केव्हीएमसोबत हेच चालतं, आणि चिप कारखान्यातून यायच्या आधी तिचं सॉफ्टवेअर लिहायचं तर असंच मॉडेल लागतं. गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्समध्येही. पण हेही स्पष्ट सांगतो की ह्या नोकऱ्या कॅम्पसला फारशा येत नाहीत, बहुतेक पुणे, बंगळुरू, हैदराबादला आहेत आणि जागा जावाच्या मानाने कमी. तिथं मार्कांच्या बरोबरीने तू काय लिहिलंस ते उघडून बघतात.

म्हणून माझं म्हणणं असं की सकाळचा एक तास अ‍ॅप्टिट्यूडला दे, तो चुकवू नको, कॅम्पसचं दार उघडं राहू दे. संध्याकाळी हे काम. आधी स्वतःची दुरुस्ती पूर्ण कर आणि एक टेस्ट लिही ज्यात प्रॉपर्ट्या मुद्दाम उलट्यासुलट्या क्रमाने सेट होतील. मग दोन पानं लिही, काय अडलं, का अडलं, काय बदललं. इंग्रजी साधं असलं तरी चालेल, पण मॉइश्चरचं सॉइल केलं तिथूनच सुरुवात कर. त्यानंतर क्यूएमूचा कोड उतरवून घे, तुझ्या लॅपटॉपला सगळं बिल्ड करायला झेपणार नाही म्हणून टार्गेट लिस्टमध्ये, म्हणजे कुठले प्रोसेसर बनवायचे त्या यादीत, एकटं आर्म ठेव. पहिला पॅच, म्हणजे तू पाठवलेला बदल, डॉक्युमेंटेशनचा किंवा एखाद्या टेस्टचा असू दे, ईमेलने जातो, खाली स्वतःच्या नावाची साइन्ड-ऑफ-बाय ओळ लागते. परत आला, चुका काढल्या तर रडायचं नाही, दुसरी आवृत्ती पाठवायची, तिथं तिसरी चौथी आवृत्ती ही रोजची गोष्ट आहे. गूगल समर ऑफ कोड ह्या ओपन सोर्स शिकाऊंच्या उपक्रमात क्यूएमू बऱ्याच वर्षी असतं, तिथं आधी पॅच पाठवलेला असला की अर्जाला वजन येतं. आणि डिग्रीनंतर हातात नोकरी नसली तर पुण्याच्या सीडॅक ह्या सरकारी संस्थेचा एम्बेडेडचा पीजी डिप्लोमा आहे, त्याला सी-कॅट परीक्षा द्यावी लागते, सहा महिन्यांचा आहे. जावाच्या क्लासचे पैसे आत्ता भरू नको, लागलंच तर तो शेवटच्या वर्षात करता येईल.

दिवाळीच्या सुट्टीत घरी जाशील तेव्हा लॅपटॉप पप्पांसमोर उघड. बांधावर जे यंत्र लावायचं त्याचा प्रोग्राम यंत्र विकत न घेता चालतोय, हे त्यांना डोळ्यांनी बघू दे, 60 सेंटिमीटरवरचा ओलावा त्यांनाच विचारून टाक, आकडा बरोबर की चूक ते तुझ्यापेक्षा चांगलं सांगतील. त्यांना माझ्याशी बोलायचं असेल तर परभणीला बाजाराला येतील तेव्हा येऊ देत, रविवारी मी असतोच.