डॉकर बसवता येते, पण डेव्हऑप्सच्या क्लासचे शुल्क भरावे का?

स. न. वि. वि.

आपले पत्र मिळाले. आपण शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये काम करता. मुलगा बी.एस्सी. संगणकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला असून घरच्या जुन्या संगणकावर उबंटू लिनक्स घालून रात्री उशिरापर्यंत ‘डॉकर’ (प्रोग्राम वेगवेगळ्या बंदिस्त खोक्यांत चालवणारे सॉफ्टवेअर) बसवण्याची खटपट करतो. राजारामपुरीतील एका क्लासने नोकरीच्या हमीसह ‘डेव्हऑप्स’ (तयार सॉफ्टवेअर सर्व्हरवर चढवून चालते ठेवण्याचे काम) शिकवण्यासाठी ७०,००० रुपये मागितले आहेत, आणि त्यासाठी पतसंस्थेचे कर्ज काढावे का, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर असे आहे की आत्ता काढू नये. मुलाचे जे चालले आहे ते मात्र थांबवू नये.

तो काय करतो आहे हे आपल्याला आपल्याच कामावरून सांगता येईल. एका पॅटर्नवरून हवी तितकी कास्टिंग निघतात, त्याप्रमाणे डॉकरमध्ये एका ‘इमेज’वरून (प्रोग्राम आणि त्याला लागणारे सारे असलेल्या साच्यावरून) हवे तितके ‘कंटेनर’ (इतरांपासून वेगळे ठेवलेले चालते प्रोग्राम) चालवता येतात, आणि एखादा कंटेनर बिघडला तर तो टाकून देऊन त्याच इमेजवरून दुसरा काढतात. डॉकर २०१३ साली आले. परंतु ते ज्या ‘नेमस्पेस’ (प्रोग्राम एकमेकांपासून वेगळे ठेवणारी) आणि ‘सी-ग्रुप’ (कोणी किती मेमरी व प्रोसेसर वापरायचा हे ठरवणारी) या सोयींवर उभे आहे, त्या लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे त्याच्या गाभ्यात, त्याआधीपासूनच होत्या. एका सर्व्हरवरील सगळे कंटेनर त्या सर्व्हरचा एकच कर्नल वापरतात, म्हणून ज्याला लिनक्स नीट येत नाही त्याला कंटेनर चालवता आले तरी तो अडला की सोडवता येत नाही. मुलाखतीत उमेदवार घसरतात ते नेमके याच ठिकाणी.

मुलाने पत्रासोबत जी चिठ्ठी जोडली आहे, ती मला आपल्या पत्राइतकीच महत्त्वाची वाटली. डॉकर बसले, पण आज्ञा दिली की ‘परमिशन डिनाइड’ असा संदेश येत होता. तेव्हा कुठूनतरी उचललेल्या सूचनेप्रमाणे त्याने डॉकरच्या सॉकेट फाइलला (जिच्यातून डॉकरला आज्ञा पोचतात) ६६६, म्हणजे कोणीही वाचावे व लिहावे, अशी परवानगी दिली, काम चालू झाले, आणि संगणक बंद करून पुन्हा सुरू केल्यावर तोच संदेश परत आला. असे होणारच, कारण ती फाइल दर वेळी नव्याने तयार होते. ६६६ दिल्याने त्या यंत्रावरील प्रत्येक वापरकर्त्याला डॉकरचा ताबा मिळतो, हा त्यातला खरा धोका. आपले नाव ‘डॉकर’ गटात घालणे हा रूढ मार्ग आहे, परंतु त्या गटातील माणूस व्यवहारात ‘रूट’इतकाच (यंत्रावर सर्वाधिकार असलेल्या खात्याइतकाच) अधिकारी होतो, हे ध्यानात ठेवून कोणाला त्या गटात घ्यायचे ते ठरवावे लागते. ‘चालले’ एवढ्यावर न थांबता ‘का चालले’ हे त्याने स्वतःच्या शब्दांत लिहून काढावे.

येत्या सुटीत त्याने पुढील काम हाती घ्यावे, असे मी सुचवतो. उबंटूच्या स्वतःच्या भांडारातील (जिथून सॉफ्टवेअर उतरवून घेतात त्या साठ्यातील) डॉकरचे पॅकेज आणि डॉकर कंपनीच्या भांडारातील पॅकेज ही वेगवेगळी आहेत व एकत्र मिसळली तर एकमेकांना अडवतात. म्हणून जुने काढून, कंपनीची सही तपासण्याची किल्ली घालून, तिच्याच भांडारातून सगळे पुन्हा बसवावे. ‘हॅलो-वर्ल्ड’ ही चाचणीची इमेज चालली म्हणजे बसवणे जमले; खरे काम त्यानंतर सुरू होते. एक छोटा डेटाबेस कंटेनरमध्ये चालवून त्यात माहिती भरावी, कंटेनर काढून टाकावा आणि माहिती उरते का ते पाहावे. ‘व्हॉल्यूम’ (कंटेनरबाहेर माहिती साठवण्याची जागा) कशासाठी असतो हे त्यानंतर वेगळे शिकवावे लागत नाही. उबंटूच्या ‘यूएफडब्ल्यू’ फायरवॉलमध्ये बंद ठेवलेले पोर्ट (बाहेरून संपर्काचे दार) डॉकरने उघडले तर ते बाहेरून दिसते का, हेही घरातील दुसऱ्या संगणकावरून तपासावे. ते दिसते, आणि पुष्कळ जाणत्यांनाही हे ठाऊक नसते. यातल्या कशालाही पैसे पडत नाहीत, कारण सर्व्हरवर चालणारे डॉकर इंजिन मुक्त स्रोत आहे.

नोकरीविषयी स्पष्ट लिहितो. नवख्या पदवीधराला थेट डेव्हऑप्सचे पद सहसा मिळत नाही. टेक्निकल सपोर्ट किंवा कनिष्ठ लिनक्स ॲडमिन म्हणून सुरुवात होते आणि रात्रपाळी पत्करावी लागते. जागा पुण्यात अधिक आहेत हे खरे. तरी कोल्हापुरातही सॉफ्टवेअर कंपन्या आहेत, आणि ज्या कारखान्यांत ईआरपी (साठा, हिशेब, उत्पादन सांभाळणारे सॉफ्टवेअर) स्वतःच्या सर्व्हरवर चालते तिथे तो सांभाळणारा माणूस लागतोच. केवळ डॉकरवर विसंबूनही चालणार नाही: रेड हॅट कंपनीने आपल्या लिनक्सच्या २०१९ सालच्या आठव्या आवृत्तीपासून डॉकरऐवजी ‘पॉडमन’ हे तसेच दुसरे साधन दिले, आणि अनेक सर्व्हरांवरील कंटेनर सांभाळणाऱ्या कुबरनेटिसने २०२२ साली डॉकरशी थेट जोडणी काढून टाकली. इमेज मात्र तिन्हीकडे त्याच चालतात, म्हणून पाया पक्का असलेल्याला या बदलांची धास्ती नसते.

एवढे झाल्यावरही क्लास हवासा वाटला तर मुलाला तिथे एक तास बसू द्यावे, आणि वर लिहिलेला सॉकेटचा प्रश्न त्याने शिक्षकांना विचारावा. ‘सुडो लाव, चालेल’, म्हणजे रूटच्या अधिकाराने आज्ञा चालव, एवढेच उत्तर मिळाले तर तिथून परत यावे. नोकरीची हमी देत असतील तर कोणते पद, किती पगार, आणि नोकरी न लागल्यास शुल्क परत मिळणार का, हे तिन्ही सहीशिक्क्यासह लेखी मागावे. कर्जाच्या अर्जावर सही त्यानंतरच करावी. तोवर थोडा खर्च करायचाच असेल, तर जुन्या संगणकात एसएसडी घालून रॅम ८ जीबी करून द्यावी.