एअर ॲम्ब्युलन्सच्या लॉटरीचे पैसे नेमके कुठे जातात

तुमचे प्रश्न दोन: दारावर आलेला एअर ॲम्ब्युलन्सच्या लॉटरीचा माणूस खरा असतो का, आणि एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, असताना हेलिकॉप्टरसाठी लोकांकडे पैसे का मागावे लागतात? इंग्लंडमध्ये शहर सोडून गावाकडे राहायला आलेल्या बहुतेकांना हे पडतात. मी इथल्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ आहे, एअर ॲम्ब्युलन्सने आणलेले पेशंट आमच्याकडे येतात. म्हणून आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो.

999 ला फोन केल्यावर येणारी रस्त्यावरची ॲम्ब्युलन्स एनएचएसची. हेलिकॉप्टर मात्र धर्मादाय संस्थेचं. 1987 मध्ये कॉर्नवॉलला पहिली अशी सेवा सुरू झाली आणि तीच रीत देशभर पसरली. हेलिकॉप्टर, पायलट, इंधन, तळ हा खर्च संस्थेचा. डॉक्टर आणि पॅरामेडिक पुष्कळदा एनएचएसमधूनच आलेले असतात, त्यांच्या पगाराची व्यवस्था संस्थेगणिक वेगळी. स्कॉटलंडमध्ये सरकारी खर्चाची हेलिकॉप्टरं आहेत, तरी तिथेही 2013 पासून एक धर्मादाय सेवा जोडीला आहे. पेशंटला बिल येत नाही, ही भीती मनातून काढून टाका.

आता मुख्य मुद्दा. हेलिकॉप्टर म्हणजे पेशंटला उचलून पळवणारी गाडी, असं बहुतेकांना वाटतं. खरं तर त्याचं मोठं काम डॉक्टरला पेशंटपर्यंत पोचवणं हे आहे. गावाकडे मेजर ट्रॉमा सेंटर, म्हणजे गंभीर जखमींसाठीचं मोठं हॉस्पिटल, तासभर किंवा त्याहूनही लांब असू शकतं, आणि ट्रॅक्टरखाली सापडलेल्या माणसाकडे कधी कधी तेवढा वेळ नसतो. म्हणून इमर्जन्सी विभागात जे झालं असतं त्यातलं बरंचसं ही टीम शेताच्या बांधावरच करते: भूल देऊन श्वासनलिकेत नळी घालणं, छातीत कोंडलेली हवा मोकळी करणं, रक्त चढवणं. उजेड, टेबल आणि चार हात मदतीला असतानाही अत्यवस्थ माणसाला भूल देताना आमची तारांबळ उडते. हे लोक तेच पावसात, गुडघ्यावर बसून करतात. मला त्यांचं फार कौतुक आहे, ते लपवत नाही.

कित्येकदा पेशंट शेवटी रस्त्यानेच जातो, डॉक्टर ॲम्ब्युलन्समध्ये त्याच्याशेजारी बसतो आणि हेलिकॉप्टर रिकामं परततं. गावात लगेच कुजबुज होते की फेरी फुकट गेली. फुकट गेलेली नसते. तुमच्या पैशाने जे यायला हवं होतं ते पेशंटपर्यंत आलेलं असतं. हवा खराब असेल तर हीच टीम गाडीने निघते.

आता लॉटरी. दारावरचा माणूस बहुधा खरा असतो, पण अनेकदा तो स्वयंसेवक नसून पगारी असतो. ओळखपत्र बघा, संस्थेचा नोंदणी क्रमांक धर्मादाय संस्थांवर देखरेख करणाऱ्या चॅरिटी कमिशनच्या साइटवर टाका, हिशेब तिथेच वाचायला मिळतात. दारात उभ्या उभ्या डायरेक्ट डेबिटवर (खात्यातून पैसे आपोआप वळते करण्याच्या परवानगीवर) सही करायची काही गरज नाही. कायद्याप्रमाणे अशा लॉटरीच्या उत्पन्नातला किमान 20 टक्के भाग संस्थेच्या कामासाठी जावा लागतो. प्रत्यक्षात तो जास्त असू शकतो, पण बक्षिसं आणि माणसांचा खर्च तिकिटांच्या पैशातूनच निघतो. तिकिटावर गिफ्ट एड, म्हणजे देणगीवर सरकार घालतं ती भर, तीही मिळत नाही. तुम्ही इथे पुरेसा कर भरत असाल आणि सरळ देणगी देताना गिफ्ट एडचा फॉर्म भरलात, तर दर पौंडामागे संस्थेला सरकारकडून आणखी 25 पेन्स मिळतात. मी लॉटरी घेत नाही, थेट देणगी देतो. पण लॉटरीमुळे संस्थेला दर आठवड्याला ठरलेली रक्कम मिळते आणि तिच्यावर पुढचं नियोजन करता येतं, हेही खरं.

एक दुखरी बाजू सांगायलाच हवी. पैसे गावकऱ्यांचे असले तरी तळ कुठे असावा हे त्यांच्या हातात नसतं. वेल्समध्ये वेल्शपूल आणि कार्नार्वन इथले तळ बंद करून उत्तरेत एक नवा तळ करायचं 2024 मध्ये ठरलं. एकूण जास्त पेशंटपर्यंत पोचता येईल असं त्यामागचं गणित. वर्षानुवर्षं वर्गणी गोळा केलेले तिथले लोक खवळले. मला गणित पटतं, तरी त्यांचा रागही गैरवाजवी वाटत नाही.

शेवटी कामाचं. हेलिकॉप्टर पाठवा असं सांगून ते येत नाही. कंट्रोल रूममध्ये कॉल चाळून ते ठरवतात. तुम्ही 999 ला नेमकी जागा सांगा, गावाकडे पोस्टकोड मैलभराचा घोळ करू शकतो. ते उतरणार असेल तर वाळत घातलेले कपडे, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, ट्रॅम्पोलिन आधी हलवा किंवा बांधा, घोडे आणि कुत्री लांब न्या. पंखे थांबून कोणी खुणावेपर्यंत जवळ जाऊ नका. रात्री पायलटच्या दिशेने टॉर्च मारू नका, आणि ड्रोन तर अजिबात उडवू नका.