वसंत आला, पण माझ्यात काही बदलत का नाही?

हिवाळा सरून वसंताची चाहूल लागली की समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्यांच्या बोलण्यात एक खंत हमखास उमटते : सगळी सृष्टी नवी होते, मी मात्र दरवर्षी तेच संकल्प करतो आणि तेच मोडतो. यामागे आळस असतो असे सर्रास म्हटले जाते, पण माझा अनुभव तसा नाही.

नव्या सुरुवातीची ओढ खरीच असते. हेंगचेन डाय, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रीस यांच्या २०१४ मधील संशोधनात आढळले की नवा आठवडा किंवा नवा महिना सुरू झाला की व्यायामशाळेत जाण्याचे प्रमाण वाढते, कारण आपला जुना, उणा भाग मागे पडला असे वाटून माणसाला उभारी येते. मात्र याच उभारीच्या भरात कामाचे असे बरेच काही टाकून दिले जाते.

पन्नाशीकडे झुकलेले एक गृहस्थ दर वसंतात संकल्पांसाठी नवी वही घेत आणि जुन्या वहीची लिहिलेली पाने फाडून टाकत.

“पाने का फाडता?”

“त्यांत माझे अपयश आहे, मॅडम. ते समोर असले की नवे काही सुरू करवत नाही.”

बरेच दिवस आमचे बोलणे याच मुद्द्याभोवती फिरत राहिले. अखेर फाडायची राहून गेलेली एक वही त्यांच्या कपाटात सापडली, तेव्हा ती मी त्यांना मोठ्याने वाचायला लावली. तीत संध्याकाळच्या फिरण्याच्या अकरा नोंदी होत्या आणि पुढची पाने कोरी होती.

“अकरा दिवस चाललात.”

“अकराच! बाराव्या दिवशी आईला ताप आला, जाता आले नाही आणि माझ्याच्याने काही होणे नाही हे कळून चुकले.”

“आईच्या उशाशी बसलात, यावरून असा निष्कर्ष कसा निघाला?”

ते उत्तर देईनात. मग त्यांनी स्वतःच पाने मागे उलटली. “प्रत्येक दिवशी साडेसहाच लिहिले आहे. ऑफिसातून आलो की बूट न काढताच निघत होतो.”

स्वतःविषयी बोलताना त्यांच्या आवाजात प्रथमच फटकार नव्हती, कुतूहल होते. तो प्रश्न नेमका तेव्हा सुचला, याचे समाधान मला आजही वाटते. कृतीचे मूल्यमापन करावे, संपूर्ण माणसाचे करू नये, ही मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ शिकवण मी मानते. एक दिवस चुकला यावरून ‘मी निकामी आहे’ इथवर मारलेली उडी त्यांना दिसली आणि ज्या पानांना ते अपयश समजत होते, त्यांतच आपले काय जमते याची नोंद असल्याचेही उमगले. समशीतोष्ण प्रदेशांतील कितीतरी झाडांवर वसंतात उमलणाऱ्या कळ्या आदल्या वर्षीच धरलेल्या असतात, हे मी त्यांना आवर्जून सांगितले.

म्हणून या ऋतूत संकल्प करणाऱ्यांना मी आधी मागचे वर्ष चाळायला सांगते. थोडे दिवस का होईना, जे टिकले ते कशामुळे टिकले, हे शोधावे. मग एकच गोष्ट निवडून ती कशानंतर आणि कुठे करायची, हे ठरवावे. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांच्या संशोधनानुसार असा नेमका बेत नुसत्या इच्छेपेक्षा अधिक तडीस जातो. फिलिपा लॅली यांच्या २०१० मधील अभ्यासात सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागल्याचे दिसले, पण व्यक्तीगणिक हा काळ १८ ते २५४ दिवस इतका बदलत होता आणि एखादा दिवस चुकल्याने फारसा फरक पडत नव्हता. त्यामुळे खंड पडेल त्या दिवशी काय करायचे, हेही आधीच लिहून ठेवावे. त्या गृहस्थांनी लिहिले, “चुकलो तर दुसऱ्या दिवशी साडेसहाला, बूट न काढता.”

मात्र दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास राहिले, झोप आणि भूक बिघडली आणि कशातच रस वाटेनासा झाला, तर संकल्प बाजूला ठेवून मनोविकारतज्ज्ञांना भेटावे. आणि जगणेच नको वाटू लागले, तर दोन आठवड्यांचीही वाट पाहू नये.