‘एक चित्र, हजार शब्द’ ही म्हण खरंच चिनी आहे का?

‘अ पिक्चर इज वर्थ अ थाउजंड वर्ड्‌स’चा नेमका अर्थ काय, ही म्हण मूळची चिनी का, आणि मराठीत तिला काय म्हणावं, असे तीन प्रश्न तुम्ही विचारलेत.

अर्थ सोपा आहे. जे सांगायला पानंच्या पानं खर्ची पडतील ते चित्रात एका नजरेत कळतं. ‘वर्थ’ म्हणजे इथे किंमत नव्हे, तोलामोलाचं असणं. हजार हा आकडाही मोजलेला नाही. ‘हजारदा सांगितलं तुला’ म्हणतो तसाच तो. आणि ‘पिक्चर’मध्ये फोटोइतकेच नकाशा, आलेख, एक्स-रे, घराचा प्लॅन हेही येतात.

म्हण चिनी मात्र नाही. तिचा जन्म अमेरिकेतल्या जाहिरातधंद्यातला आहे. मार्च १९११ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूज शहरात जाहिरातवाल्यांच्या मेजवानीत वृत्तपत्र-संपादक आर्थर ब्रिस्बेन यांनी सल्ला दिला, चित्र वापरा, ते हजार शब्दांच्या तोडीचं असतं. पुढे ८ डिसेंबर १९२१ च्या ‘प्रिंटर्स इंक’ या जाहिरात-व्यवसायाच्या साप्ताहिकात फ्रेड बर्नार्ड यांनी ट्रामगाड्यांमधल्या जाहिरातींसाठी ‘एक नजर हजार शब्दांच्या बरोबरीची’ असा मथळा दिला आणि तो एका जपानी तत्त्ववेत्त्याच्या नावावर खपवला. १० मार्च १९२७ ला त्याच साप्ताहिकात त्यांचीच नवी जाहिरात आली. आता नजरेचं ‘चित्र’ झालं, हजाराचे दहा हजार झाले, जपानी तत्त्ववेत्ता गेला आणि ‘चिनी म्हण’ आली, सोबत चिनी अक्षरंही. लोकांनी गांभीर्याने घ्यावं म्हणून चिनी म्हटलं, असं बर्नार्ड यांनीच नंतर सांगितल्याची नोंद आहे. कन्फ्यूशियसचं नाव लोकांनी त्याला मागाहून चिकटवलं. कल्पना मात्र जुनी: रशियन लेखक तुर्गेनेव्हच्या १८६२ च्या ‘फादर्स अँड सन्स’ या कादंबरीत बझारोव्ह हे पात्र म्हणतं की पुस्तकात दहा पानं व्यापणारी गोष्ट रेखाचित्र एका दृष्टिक्षेपात दाखवतं.

चीनमध्ये खरोखर रूढ असलेली म्हण वेगळी आहे: शंभरदा ऐकण्यापेक्षा एकदा पाहिलेलं बरं. ‘हानशू’ या इतिहासग्रंथात ती सत्तरी उलटलेल्या चाओ छोंगक्वो या सेनापतीच्या तोंडी येते. इ.स.पू. ६१ मध्ये च्यांग टोळ्यांचं बंड मोडायला किती फौज लागेल, असं सम्राटाने विचारलं. सेनापती ही म्हण सांगून म्हणाला, इथे बसून अंदाज बांधता येत नाही. मी तिथे जातो, नकाशा काढतो आणि मग बेत कळवतो. म्हणजे तुलना ऐकणं आणि स्वतः पाहणं यांची आहे, शब्द आणि चित्र यांची नाही. आपलं ‘डोळे आणि कान यांत चार बोटांचं अंतर’ हे या चिनी म्हणीच्या जवळचं आहे, म्हणून इंग्रजी म्हणीसाठी ते वापरू नका. ‘हातच्या कंकणाला आरसा कशाला’ही नको, ते उघड गोष्टीला पुरावा मागण्याबद्दल आहे. ‘एक चित्र हजार शब्दांच्या तोडीचं’ हे सरळ भाषांतरच मला सर्वांत योग्य वाटतं.

वापरताना एक भान ठेवा. आकार, जागा, प्रमाण चित्र झटकन सांगतं. कारण, तारीख आणि नकार त्याला एकट्याला सांगता येत नाहीत. ‘धूम्रपान करू नये’ या पाटीवर सिगारेटवर तिरकी लाल रेघ मारावी लागते, आणि त्या रेघेचा अर्थ ‘नको’ असा आहे हे बघणाऱ्याला आधी कुणीतरी शब्दांनीच सांगितलेलं असतं.