बाहेरची भिंत लागलेली, आतले खोके बंद

प्रश्न: नव्या घराच्या दर्शनी भिंतीला आणि बैठकीच्या खोलीतल्या एका भिंतीला नैसर्गिक दगडाचं व्हिनियर, म्हणजे भिंतीवर चिकटवायचे पातळ तुकडे, लावायचं ठरवलं. विक्रेत्याने दाखवलेला नमुना पसंत केला, तो तुकडा आमच्याकडेच आहे. ‘हाच दगड बाहेर आणि आत दोन्हीकडे चालेल’ असं त्याने व्हॉट्सॲपवर लिहून दिलं होतं. बाहेरचं काम पूर्ण झालं. पहिल्याच पावसानंतर भिंतीवर तांबूस ओघळ आणि पांढरे डाग आले, काही तुकडे निखळून पडले. एक तुटलेला तुकडा आतून राखाडी, सिमेंटसारखा दिसतो. आतल्या भिंतीचे खोके अजून उघडलेले नाहीत. विक्रेता म्हणतो, नैसर्गिक दगडात फरक असतोच, शिवाय बिलावर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं छापलंय. कंत्राटदार मालाला दोष देतो आणि उरलेले पैसे मागतो. सगळं उखडून दुसरा दगड लावावा का? पैसे परत मिळतील का?

उत्तर: आधी एक विनंती. भिंत उखडू नका. तुमचा सगळ्यात मोठा पुरावा ती भिंतच आहे. ती एकदा पाडली की विक्रेता आणि कंत्राटदार दोघंही सुटतील, कारण दोष कुठून आला हे मग कुणालाच दाखवता येणार नाही. फक्त जे तुकडे हलतायत आणि ज्यांच्याखालून माणसं जातात, तेवढे उतरवा आणि खाली अडथळा लावा. तुकडा पडून कुणाला इजा झाली, तर घराचा ताबा असलेला माणूस म्हणून पहिली जबाबदारी तुमच्यावर येईल. तेव्हा ‘दगड विक्रेत्याने वाईट दिला’ हे उत्तर पुरणार नाही.

तुकडे उतरवताना दोन तटस्थ माणसांसमोर उतरवा. प्रत्येक तुकड्याच्या पाठीचा आणि तो जिथे होता तिथल्या भिंतीचा फोटो काढा. पाठ कोरी आणि मसाला सगळा भिंतीवर राहिला असेल, तर पकड दगडापाशीच सुटली आहे. पाठीवरची धूळ धुतली नसेल किंवा मसाला सुकल्यावर तुकडा दाबला असेल तर असं होतं, आणि ही चूक बहुधा लावणाऱ्याची असते. तुकड्याबरोबर गिलावाच सोलून आला असेल, तर प्रश्न गिलाव्याचा आहे. न्यायालयीन भाषेत ज्याला कार्यकारणभाव म्हणतात तो इथे तुकड्याच्या पाठीवरच वाचता येतो. म्हणून फोटो काढायला अजिबात आळस करू नका.

डागांचंही तसंच आहे. पांढरी भुकटी बहुतेक वेळा सिमेंटच्या मसाल्यातल्या विरघळणाऱ्या क्षारांची असते. पाणी मागे शिरतं, क्षार घेऊन पृष्ठभागावर येतं आणि वाळतं. म्हणजे वरच्या कडेचं झाकण, सांध्यांची भरणी, पाण्याला बाहेर पडायची वाट, हे काम नीट झालं का, ते बघायला हवं. तांबूस ओघळ मात्र दगडातल्या लोहयुक्त खनिजांचेही असू शकतात. काही पाटीच्या दगडांत पायराइट हे लोह-गंधकाचं खनिज असतं, ते ओल आणि हवा मिळाली की गंजतं. असा दगड शंभर टक्के नैसर्गिक असतो, पण बाहेरच्या भिंतीसाठी अयोग्य असतो. ‘नैसर्गिक दगडात फरक असतोच’ हे विक्रेत्याचं वाक्य छटेच्या बाबतीत खरं आहे. योग्यतेच्या बाबतीत ते त्याला वाचवत नाही.

इथे तुमचा व्हॉट्सॲपचा संदेश कामाला येतो. माल विक्री कायदा, १९३० च्या कलम १६ नुसार, खरेदीदाराने वापर कशासाठी हे सांगितलं आणि विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबून माल घेतला, तर त्या वापराला माल साधारणपणे योग्य असणं ही अटच मानली जाते. आत शोभणारा दगड बाहेर टिकेलच असं नसतं, आणि हे दगडाच्या धंद्यात नवीन नाही. शिकागोमध्ये १९७०च्या दशकात उभ्या राहिलेल्या एका ऐंशीहून अधिक मजली इमारतीला पातळ कॅरारा संगमरवराचे पत्रे लावले होते. ऊन-थंडीने ते वाकत गेले आणि १९९०च्या सुमारास सगळा संगमरवर उतरवून तिथे ग्रॅनाइट लावावा लागला. ‘दोन्हीकडे चालेल’ असं लिहून देणाऱ्याने हे माहीत असल्याची जबाबदारी घेतलेली असते. तो संदेश पुसू नका, फोन बदलू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र वकिलाच्या मदतीने आत्ताच तयार करून घ्या.

आता राखाडी गाभा. माझ्या मते तुमच्या प्रकरणातला सगळ्यात गंभीर मुद्दा हाच आहे. कृत्रिम दगडी व्हिनियर हे सिमेंट, हलकी खडी आणि लोहाच्या ऑक्साइडचे रंग साच्यात ओतून बनवतात. रंग बहुतेकदा वरच्या थरात असतो, त्यामुळे कड तुटली की आतला सिमेंटचा रंग उघडा पडतो. भिंतीपासून थोडं लांब उभं राहून बघा, तेच उंचवटे आणि तीच खाच पुन:पुन्हा दिसते का? खाणीतला दगड स्वतःची नक्कल करत नाही, साचा करतो. ॲसिडचा थेंब टाकून मात्र बघू नका. चुनखडी आणि संगमरवर फसफसतात तसं सिमेंटही फसफसतं, म्हणजे त्यातून काही सिद्ध होत नाही आणि पुरावा तेवढा बिघडतो. पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली तपासला की खनिजांचे कण ओळखून निकाल लागतो. पाणी किती शोषलं जातं याची भारतीय मानकाप्रमाणे चाचणी करता येते, तीही मागा.

कृत्रिम निघाला, तर बिलावर ‘नैसर्गिक’ लिहून दुसराच माल दिला असं होईल. माल विक्री कायद्याच्या कलम १५ नुसार माल वर्णनाशी आणि कलम १७ नुसार नमुन्याशी जुळायला हवा. वर्णन आणि नमुना दोन्ही असतील तर दोन्हींशी. तुमच्याकडचा तुकडा म्हणून सोन्याइतका जपा. शक्य असेल तर विक्रेत्याच्या माणसासमोर तो कापडात शिवून लाखेने मोहोरबंद करा.

बाहेरची भिंत आणि आतले खोके ही कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळी प्रकरणं आहेत, हे तुम्ही लक्षात घ्यावं असं मला फार वाटतं. लावलेला माल तुम्ही स्वीकारला आहे असं धरलं जाईल, कारण दगड भिंतीला चिकटवणं हे मालकाचंच कृत्य आहे. मग माल विक्री कायद्याखाली तो ‘परत घ्या’ म्हणता येत नाही, कलम ५९ प्रमाणे किमतीत कपात किंवा नुकसानभरपाई मागता येते. बंद खोके मात्र कलम ४१ प्रमाणे तपासून नाकारता येतात. अट एवढीच की ते वाजवी वेळेत कळवायला हवं. महिनोन्महिने गप्प बसलात तर कलम ४२ नुसार तेही स्वीकारल्यासारखं होईल. विक्रेता म्हणेल की व्यवहार एकच होता, एक भाग घेतला म्हणजे सगळा घेतला. म्हणून कोटेशन आणि माल पोचवल्याचं चलान काढून बघा. आतला आणि बाहेरचा माल वेगळ्या ओळींवर, वेगळ्या दराने किंवा वेगळ्या खेपेत आला असेल तर ते उत्तर पुरेसं आहे. तेव्हा याच आठवड्यात साक्षीदारांसमोर दोन-तीन खोके उघडा, नमुन्याशी ताडून बघा, आणि जुळत नसेल तर नाकारल्याचं लेखी कळवा. माल पोचवून देण्याची जबाबदारी तुमची नाही, कलम ४३ प्रमाणे नकार कळवणं पुरतं.

बिलावरच्या त्या छापील ओळीला घाबरू नका. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष माल बिलावरच्या मुदतीत, किंवा मुदत लिहिलीच नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे. हा कायदा माल विक्री कायद्याला जोडून चालतो, त्याच्या जागी नाही. घर स्वतःच्या राहण्याचं असल्याने तुम्ही ‘ग्राहक’ आहात, यात शंका नाही.

माझा सल्ला जिल्हा ग्राहक आयोगाचा. तक्रार तुम्ही राहता त्या ठिकाणी करता येते आणि विक्रेता व कंत्राटदार दोघांनाही एकाच तक्रारीत विरुद्ध पक्ष करता येतं. एकमेकांकडे बोट दाखवणाऱ्यांना एकाच खोलीत बसवणं हाच त्यावरचा उपाय. दोष तपासल्याशिवाय ठरत नसेल, तर कलम ३८ खाली आयोग स्वतः नमुना घेऊन, मोहोर लावून प्रयोगशाळेत पाठवतो. माल बदलून देणं, किंमत परत करणं, भरपाई, हे सगळे आदेश कलम ३९ खाली मिळू शकतात. मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं. विक्रेत्याशी चाललेल्या बोलण्याने किंवा पाठवलेल्या नोटिशीने ती वाढत नाही.

कंत्राटदाराचे सगळे पैसे अडवू नका. दुसऱ्या मिस्त्रीकडून दुरुस्तीचा लेखी अंदाज घ्या, तेवढीच रक्कम कारण लिहून राखून ठेवा आणि बाकी देऊन टाका. सगळे अडवलेत तर कराराचा भंग तुम्हीच केलात असं तो म्हणू शकेल. तोवर भिंतीची वरची कड तात्पुरती झाकून पाणी थांबवा. करार कायदा, १८७२ चं कलम ७३ भरपाई मोजताना, नुकसान कमी करायला तुम्ही काय केलं हेही बघतं.

आतल्या भिंतीसाठी नवा दगड निवडाल तेव्हा मागणीपत्रावर दगडाचं आणि खाणीचं नाव, ‘नैसर्गिक, साच्यातला नाही’ हे शब्द, जाडी, वजन, वापर आत की बाहेर, आणि छटेतला फरक किती चालेल हे दाखवणारे दोन टोकांचे सही केलेले तुकडे, एवढं येऊ द्या. सगळा माल एकाच खेपेतला मागा आणि मिस्त्रीला वेगवेगळ्या खोक्यांतले तुकडे मिसळून लावायला सांगा. पण हे सगळं आयोगाने किंवा तज्ज्ञाने जुन्या मालाचे नमुने घेतल्यानंतर. त्याआधी जुने खोके घराबाहेर जाऊ देऊ नका.