वाचक विचारतात: एका पुस्तकाला दोन घरं

प्रश्न: मधुमेहावरचं एका डॉक्टरांचं पुस्तक, निम्म्या आठवणी नि निम्मी वैद्यकीय माहिती. एका ग्रंथालयात ते चरित्रांत सापडलं, दुसऱ्यात वैद्यकात. चूक कोणाची?

उत्तर: बहुधा कोणाचीच नाही. ड्यूई दशांश वर्गीकरणात (विषयाला अंक देऊन पुस्तकं लावायची पद्धत) चरित्र त्या त्या विषयाखाली टाकता येतं (डॉक्टरांचं 610.92), किंवा सगळी चरित्रं 920 मध्ये एकत्र ठेवता येतात. कुठली पद्धत घ्यायची हे ग्रंथालय एकदाच ठरवतं. पण त्याआधी पुस्तक मुळात चरित्र आहे का, हे पाहावं लागतं, आणि तिथे शीर्षकावर विसंबू नये. शीर्षक खपासाठी दिलेलं असतं. अनुक्रमणिका, प्रस्तावना आणि मधलं एखादं प्रकरण चाळावं. माहितीचीच पानं जास्त आणि आठवणी तोंडी लावण्यापुरत्या असतील, तर पुस्तक मधुमेहाचं, 616.462.

दोन विषयांच्या पुस्तकाला पहिला प्रश्न हा, की एकाचा दुसऱ्यावर परिणाम सांगितलाय का? असेल तर ज्याच्यावर परिणाम होतो तो विषय धरतात. हवामानामुळे पिकांचं काय होतं हे सांगणारं पुस्तक शेतीत जातं, हवामानात नाही. तसा संबंध नसेल तर जास्त पानं ज्याला दिली तो विषय. दोन्ही सारखेच असतील तर ड्यूईच्या अंकांच्या तक्त्यात आधी येणारा, म्हणजे गणित (510) आणि भौतिकशास्त्र (530) यांत 510. भौतिक, रसायन, जीवशास्त्र असे तीन आले की सरळ विज्ञानाचा मूळ अंक 500. पुस्तकातच तयार वर्गांक (विषयाचा अंक) छापलेला असला तरी पडताळून घ्यावा. तो अनेकदा पुस्तक छापून होण्याआधीच दिलेला असतो.

प्रश्न: दुकानात तेच पुस्तक दोन ठिकाणी दिसतं. ग्रंथालयात का नाही?

उत्तर: दुकानदाराला पुस्तक विकायचंय, त्यामुळे चार प्रतींपैकी दोन इकडे, दोन तिकडे ठेवल्या तरी चालतं. विषयाचे संकेतांक प्रकाशकच देतो. उत्तर अमेरिकेत नऊ अक्षर-अंकांचा बायसॅक वापरतात, तर 2013 मध्ये आलेला थेमा अनेक देशांत चालतो. एकाहून जास्त संकेतांक देता येतात, पण मुख्य एकच. घोटाळा होतो तो दुसऱ्या जागेची नोंद न केल्यामुळे: संगणक चार प्रती दाखवतो, विक्रेत्याला दोनच सापडतात, आणि गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जातं.

ग्रंथालयात प्रती दोन जागी विभागल्या तर वाचकाला एकच प्रत दिसते, आणि ती बाहेर गेलेली असली की पुस्तकच नाही असं वाटतं. म्हणून कपाटातली जागा एक, पण तालिकेत (ग्रंथालयाच्या पुस्तक-यादीत) विषय-शीर्षकं दोन-तीन द्यावीत. दुसऱ्या फळीवर ‘अमुक पुस्तक 616.462 मध्ये पाहा’ असा पुठ्ठ्याचा ठोकळा ठेवला तर उत्तमच.

प्रश्न: अडलेल्या पुस्तकांसाठी ‘संकीर्ण’ कपाट केलं तर?

उत्तर: नको. त्या कपाटापाशी ठरवून कुणी जात नाही. त्यापेक्षा एक वही ठेवा: पुस्तक, दिलेला वर्गांक, एका ओळीत कारण. पुढचं तसलंच पुस्तक आलं की आधी वही उघडायची. पुढे निर्णय बदललाच तर कण्यावरचं लेबल, आतली नोंद आणि तालिका तिन्ही एकाच दिवशी बदला, आणि तेही सगळ्या प्रतींचं. बाहेर गेलेल्या प्रतीची परतीची तारीख वहीत लिहून ठेवा. नाहीतर ती परत आली की जुन्या लेबलासकट जुन्याच फळीवर जाते.