घरी गाडी उचलायला जॅक कोणता घ्यावा, दोन टनी की तीन टनी?

टनाचं आधी उरकतो. छोट्या गाडीला दोन टनी भरपूर झाला. जॅक अख्खी गाडी थोडीच उचलतो? एखादा कोपरा, फार तर एक बाजू. बाकीचा भार खाली टेकलेल्या चाकांवर असतो. गाडी जडशीळ असेल तर तीन टनी घ्या. पण उचललेली गाडी टेकवून ठेवायच्या स्टँडबद्दल तुम्ही अवाक्षर विचारलं नाहीत, आणि त्यावरूनच माझं आमच्या दाजींशी सहा वर्षं वाजतंय.

पुढचे ब्रेक पॅड बदलायचे होते. जॅक दाजींचा, हायड्रॉलिक, बाटलीवाला. माझ्याकडे तेव्हा स्टँड नव्हते, म्हणून काढलेलं चाक मी आडवं करून दाराखाली सरकवलं. दाजी हसले. "अरे, हा ट्रक उचलतो. तुझी काडेपेटी काय जड आहे त्याला! ते चाक काढ, पायात येतंय." मी काढलं नाही.

ब्रेक पॅड धरणाऱ्या कॅलिपरचा एक बोल्ट हटेना, म्हणून पान्ह्याला लावायला पाइप आणायला गेलो. परत येऊन बसलो तर काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. जाताना चाक आणि पत्रा यांच्यात चांगलं चार बोटं अंतर होतं, आता जेमतेम दोन. गाडीला कुणी हात लावलेला नव्हता. जॅककडे पाहिलं तर गाडी उचलणाऱ्या दांड्याच्या बुडाशी तेलाचं ओलं कडं आणि त्यावर चिकटलेली धूळ. बघता बघता पत्रा कुरकुरत टायरवर टेकला. चाक तिथे नसतं तर डिस्क थेट फरशीवर आली असती, आणि थोड्या वेळापूर्वी माझं कोपर तिच्याखाली होतं.

दाजींचं म्हणणं आजही एकच: "तू वॉल्व्ह नीट आवळला नव्हतास." अहो, जॅक खाली उतरवायचा तो वॉल्व्ह उघडा असता तर गाडी वर गेलीच नसती! आणि याच जॅकमध्ये दाजींनी एकदा उरलेलं ब्रेक ऑइल ओतलं होतं, ते कुणी बोलत नाही. ब्रेक ऑइलने जॅकमधली रबरी सील खराब होतात. त्यात जॅकचंच तेल घालायचं असतं.

तर माझं मत: पैसे कमी पडत असतील तर जॅक साधा घ्या, पण स्टँडची जोडी घ्याच. गाडीखाली डोकं घालायचं असेल तर गाडी स्टँडवर हवी. काढलेलं चाक हा नाइलाजाचा उपाय, स्टँडच्या बदली धरू नका. खाली पक्की फरशी असेल तर ट्रॉली जॅक सगळ्यात सोयीचा. मातीवर नको. त्याचा हात वर जाताना कमानीत फिरतो, म्हणून जॅकला आपल्या छोट्या चाकांवर सरकावं लागतं. ती चाकं रुतली की गाडीला टेकलेली जॅकची वाटी जागेवरून घसरते. शिवाय दाराखालची पत्र्याची पट्टी त्या वाटीत वाकते, मध्ये खाचेचं रबर ठेवा. बाटली जॅक उंच गाड्यांना ठीक. बुटक्या गाडीचं चाक पंक्चर झालं की तो खाली शिरतच नाही. गाडीसोबत आलेल्या कात्री जॅकला नावं ठेवू नका, त्याचा आटा आपोआप उतरत नाही. फक्त बूड लहान, त्यामुळे स्टेपनी बदलण्यापुरताच.

राहिलंच. बहुतेक गाड्यांचा हँडब्रेक मागच्या चाकांना असतो. मागची बाजू उचलली की त्याच्यावर भिस्त ठेवू नका, पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा.

आणि हो, वॉल्व्ह किंचित सैल राहिला तर जॅक गाडी उचलतो आणि मग हळूहळू बसतो, हे खरं आहे. पण मग दांड्याला तेल कुठून आलं, ते दाजींनी सांगावं.